पावसाळी ऑफरोडिंग: नव्या चालकाला लो रेशोच्या आधी काय शिकवायचं?

रानवाट (धागाकर्ता)
२४ मे, रात्री ९:१०

मंडळी, जून तोंडावर आलाय. पहिला पाऊस पडला रे पडला की मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात शनिवार-रविवारी फोर बाय फोर गाड्यांची रांग लागेल. मी स्वतः ऑफरोडिंग करतो. आमच्या ग्रुपात नवे चालक आले की मार्शल म्हणून त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे 'गाड्या बंद करा' म्हणायला हा धागा काढलेला नाही. नव्या माणसाला आपण लो रेशो (चढ-चिखलासाठीचा जास्त ताकदीचा, कमी वेगाचा गिअर) शिकवतो, डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक) कधी टाकायचा ते शिकवतो, विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट) शिकवतो. चाकाखाली काय आहे ते मात्र कोणी सांगत नाही. त्याबद्दल बोलायचंय.

आपली मोठी अडचण अशी की सह्याद्रीत या खेळाचा हंगाम आणि जमिनीचा सगळ्यात नाजूक काळ एकच आहे. चिखल हवा म्हणून आपण जून ते सप्टेंबर जातो. नेमक्या त्याच चार महिन्यांत सडे (डोंगरमाथ्यावरची सपाट कातळ पठारं) फुलतात, बेडूक अंडी घालतात, भातलावणी चालू असते आणि डोंगरउतारावरची माती पाण्याने भरलेली असते.

सड्यापासून सुरुवात करतो. उन्हाळ्यात सडा बघितला तर उजाड मैदान वाटतं. नवा चालक म्हणतो, "इथे काय बिघडणार? दगडच तर आहे." त्या दगडावर माती किती आहे ते एकदा खाली बसून बोटाने उकरून बघा. बऱ्याच ठिकाणी बोटाचं एक पेरही बुडत नाही. जुलै-ऑगस्टात तेवढ्याच मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी उभी राहतात. त्या मातीत कस इतका कमी की सीतेची आसवं आपल्या मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. या ओल्या थरावर मड टेरेन (चिखलासाठीचा खोल खाचांचा) टायर जागच्या जागी फिरला की अख्खा थर गोधडी ओढावी तसा निघून येतो आणि खालचा कातळ उघडा पडतो. पुढच्या सरीला सुटलेली माती कड्यावरून खाली.

सड्यावरच्या डबक्यांचंही तसंच. डबकं दिसलं की वेगात गाडी घालायची, पाणी उडवायचं, मागून मित्राने व्हिडिओ काढायचा, हे सर्रास चालतं. आंबोलीच्या सड्यांवरची 'आंबोली टोड' ही भेकाची जात शास्त्राला २००९ साली माहीत झाली. ती आंबोलीच्या आसपासच्या छोट्या टापूत सापडते, अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, आणि पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या असल्याच उथळ पाण्यात अंडी घालते. चार बोटं पाण्यातून एक गाडी गेली तर त्या डबक्यातली वर्षाची पैदास गेली.

आता खाचरं. भाताची खाचरं एकाखाली एक असतात, वरच्याचं पाणी खालच्याला उतरतं. वरचा एक बांध टायरने दबून फुटला की पाणी एकट्या त्या खाचराचं जात नाही, खालच्या चार जणांचं गणित बिघडतं. गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका गावात (नाव देत नाही) कुठल्याशा ताफ्यातल्या गाड्या वळायला जागा नाही म्हणून नुकत्या लावलेल्या खाचरात उतरल्या. पुढच्या आठवड्यात मी तिथे गेलो तेव्हा शेताच्या मालकीणबाईंनीच सांगितलं. गाडीवाल्यांनी काचेतून नोटा पुढे केल्या होत्या. बाई म्हणाल्या, "पैशाला रोपं येत्यात व्हय? रोपं सरली माझी." लावणीची रोपं मोजूनमापून टाकलेली असतात. ती गेली की त्या हंगामात पुन्हा होत नाहीत. नंतर गावाने वाटेवर धोंडे टाकले, आणि त्यात ट्रेकवाले, दूधवाला, सगळेच अडकले.

शिकवायचं कसं, याबद्दल माझं मत पक्कं झालंय. व्हॉट्सॲपवर नियमांची यादी टाकली तर कोणी वाचत नाही. डांबरी सोडून फाट्यावर टायरमधली हवा उतरवायला थांबतो ती दहा-पंधरा मिनिटं मात्र माणूस ऐकतो. गाडीतून उतरलेला असतो, हातात गेज असतं, थोडी धाकधूक असते. तिथे मी साधारण हे सांगतो.

हवा ३२-३३ वरून २० पीएसआयच्या आसपास आणा. टायर पसरतो, पकड वाढते, चाक कमी फिरतं, म्हणजे जमीनही कमी उकरली जाते. वाटेत चिखल लागला तर कडेच्या गवतावरून वळसा घालू नका, मधूनच जा. प्रत्येक जण वळसा घालतो म्हणून दहा फुटांची वाट तीस फुटांची होते. आणि मधून जाता येणार नाही इतका चिखल असेल तर परत फिरा. परत फिरायला सांगणारा मार्शल कच्चा, ही समजूत आधी काढून टाका. ओढा ओलांडायचा तो आडवा, जिथून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथूनच. ओढ्याच्या पात्रातून लांबवर गाडी चालवायची नाही आणि त्यात गाडी धुवायची तर अजिबात नाही, खाली कोणाचा तरी पाणवठा असतो. विंच लावताना झाडाला रुंद पट्टा गुंडाळा, नुसता दोर साल कापतो आणि खोडाभोवती साल पूर्ण कापली गेली की झाड उभं वाळतं. कारवीच्या झुडपांवरून गाडी घालू नका. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते ती, फुलायच्या आदल्या वर्षी चिरडली तर बी धरणं राहूनच गेलं.

आणि एक गोष्ट जी फार कमी ग्रुप करतात: घरून निघतानाच टायर आणि गाडीचा खालचा भाग धुऊन या. आधीच्या ठिकाणचा चिखल गाजरगवत, रानमोडी, कॉसमॉस अशा तणांचं बी घेऊन येतो. शहराजवळच्या टेकड्यांवर कॉसमॉस कसा पसरलाय ते पुणेकरांना सांगायला नको.

तुम्ही काय सांगता? आणि जे कुठल्याच ग्रुपात नाहीत, गाडी घेतली आणि रील बघून निघाले, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं?

---

मृगधारा
२४ मे, रात्री १०:०२

वाचतेय. टायर धुण्याचा मुद्दा पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडे जिमनी (छोटी फोर बाय फोर) आली आहे नुकतीच, नवऱ्याला हा धागा पाठवला.

---

चंडोल
२४ मे, रात्री ११:२५

चांगला धागा, रानवाट. सड्यांबद्दल हल्ली थोडंफार बोललं जातं. माळरानांबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

सासवड, बारामती, इंदापूर, सोलापूरकडची माळरानं सातबाऱ्यावर 'पडीक' आणि गाडीवाल्याच्या नजरेत 'मोकळी जागा'. तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे, खोकड आहे. शिवाय जमिनीवर घरटं करणारे पक्षी आहेत: टिटवी, चंडोल, धाविक, तित्तिर. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांच्या मध्ये एक उथळ खळगा. त्यात मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली चार अंडी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, गाडीच्या सीटवरून तर दिसणारच नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर ती घरटं जवळ असल्याचंच सांगत असते. गाडी थांबवायची, आलात त्याच चाकोरीतून मागे घ्यायची. नव्या चालकांना एवढी एक गोष्ट शिकवली तरी मला पुष्कळ वाटेल.

उन्हाळ्यात सडे कोरडे म्हणून काही ग्रुप माळावर येतात. उन्हाळा ते पावसाची सुरुवात हाच टिटवीचा विणीचा काळ. त्यामुळे 'पावसाळा टाळा' हे सड्याला लागू पडतं, माळाला नाही.

पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. वाट ठरलेली, बरोबर गावातला गाइड. लांडगा बघायचाय तर तिथे जा. स्वतःची गाडी माळावर घालून त्याच्या मागे लागू नका.

---

डिफलॉक_७७
२५ मे, सकाळी ८:१५

दोन्ही पोस्टी नीट वाचल्या. माझी हरकत आहे आणि ती स्पष्ट मांडतो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी रस्तेच रस्ते काढले. कोकणात चिरेखाणींनी अख्खे सडे खरवडले. मुळशी-मावळात डोंगरउतारावर जेसीबी लावून बंगल्यांचे प्लॉट पाडतात. आणि प्रवचन कोणाला? महिन्यातून एकदा थार जीप घेऊन जाणाऱ्याला. आम्ही अडकलेल्या एसट्या ओढून काढल्या आहेत. महापुरात आमच्याच गाड्या औषधं घेऊन पुढे गेल्या. 'ऑफरोडर म्हणजे हुल्लडबाज' हा शिक्का आधी पुसा, मग शिकवा.

दुसरं, शिकवून माणूस सुधारतो यावर माझा विश्वास नाही. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलमधल्या लाहौलला एकाने चंद्रा नदीच्या पात्रातून थार घातली. पोलिसांनी दंड केला, तेव्हा कुठे बातमी झाली. दंडच समजतो लोकांना.

---

रानवाट
२५ मे, सकाळी ९:४०

@डिफलॉक_७७, जेसीबीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. चिरेखाणीने जे जातं त्यापुढे आपल्या चाकोऱ्या काहीच नाहीत. पण खाणीविरुद्ध ग्रामसभेत उद्या कोणी उभं राहायचं झालं, तर त्याच सड्यावर डोनट मारून (गाडी गोल गोल घसरवून) गेलेल्या माणसाचं कोण ऐकेल? पुरात केलेली मदत मलाही माहीत आहे. ज्या गावांत आपण मदत केली तिथे आजही चहा मिळतो. तीच ओळख सगळीकडे हवी म्हणून तर हा खटाटोप.

दंडाबद्दल: दंड हवाच. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, अभयारण्यात शिरलात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो. पण एका वनरक्षकाकडे केवढं क्षेत्र असतं ते बघा. पावसात, धुक्यात तो प्रत्येक फाट्यावर उभा राहू शकत नाही. शिवाय नव्या चालकाला वन कुठे सुरू होतं हेच कळत नाही, कारण नकाशात वाट दिसते आणि वाट दिसली की ती आपलीच वाटते. हद्दीचे दगड कसे दिसतात, गायरान, खासगी मालकी आणि वन यांत फरक काय, हेही मी हवा उतरवताना सांगतो. यावर कोणी सविस्तर लिहिलं तर बरं होईल.

---

सुरुबन
२५ मे, दुपारी १:३०

कोकणातून लिहितो.

किनाऱ्यावर गाडी रुतली आणि भरतीच्या पाण्यात गेली, ही बातमी आमच्याकडे दर सुट्टीत असते. लोक गाडीच्या नुकसानीची हळहळ करतात. वाळूचं काय होतं ते सांगतो.

ऑलिव्ह रिडले कासवीण साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून झाकून निघून जाते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं. आता कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर गावातलेच कासवमित्र पहाटे घरटी शोधून अंडी कुंपणात हलवतात. ते घरटं शोधतात कशावरून? कासविणीच्या वाळूतल्या खुणांवरून. पहाटेच्या आत एखाद्याने त्यावरून गाडी फिरवली की खूण पुसली, घरटं सापडत नाही. न सापडलेल्या घरट्यावरून गाड्या जात राहिल्या की वाळू दबते. त्यातूनही पिल्लू वर आलंच तर टायरच्या चाकोरीत पडतं. बोटभर पिल्लू ते, चाकोरीची भिंत चढता येत नाही, आडवंच चालत राहतं, आणि उजाडल्यावर कावळे-घारी असतातच. रात्री हेडलाइट लावून उभं राहणंही वाईट, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात.

म्हणून किनाऱ्यासाठी माझा धडा एका वाक्याचा आहे: वाळूवर गाडी नाही. कमी हवा, हळू वेग, अनुभवी चालक, काहीही असो. गोव्यात पर्यटन खात्याने २०२२ मध्ये आदेश काढून किनाऱ्यावर गाडी घालण्यावर दंड लावला, तसं आपल्याकडेही प्रत्येक किनाऱ्यावर ठामपणे व्हायला पाहिजे.

आणि आमच्या सड्यांवर आणखी एक गोष्ट आहे जी घाटावरच्यांच्या लक्षात येत नाही: कातळशिल्पं. उक्षी, जांभरुण, काशेली, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढ्ये तळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काशेलीचा हत्ती तर जवळजवळ १८ मीटरचा. पण ही झाली नावाजलेली ठिकाणं. शिल्पं इतर कितीतरी सड्यांवर आहेत, नवी सापडतही असतात. कोरलेली रेघ उथळ असते, दुपारच्या उन्हात तुम्ही तिच्यावर उभे असलात तरी दिसत नाही. सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात उठून दिसते. मग भर दुपारी सड्यावर गाडी फिरवणाऱ्याला काय कळणार आपण कशावरून गेलो? सड्यावरच्या मळलेल्या वाटेवरून चाक खाली उतरवूच नका.

---

पायवाट
२५ मे, संध्याकाळी ७:०५

मी ट्रेकर. थोडं तिखट लिहिते, राग मानू नका.

मुसळधार पावसात अरुंद वाटेवर समोरून सात-आठ गाड्या येतात. हॉर्न वाजवतात. आम्ही निवडुंगात नाहीतर गटारात उतरायचं. जाताना चिखल अंगावर. गाण्यांचा आवाज आधीच्या डोंगरापासून ऐकू येत असतो. आम्ही पहाटे उठून, एसटीने, तीन तास चालून ज्या शांततेसाठी येतो ती पाच मिनिटांत संपते. मोटरसायकलवाले तर गडाच्या पायवाटेवर चढवतात गाड्या. एका गडाच्या खालच्या सोंडेवर पायवाटेची खोल नळी झाली आहे, गुडघाभर. पाणी आता त्यातूनच धावतं.

तुम्ही झाडं-बेडूक शिकवाल, चांगलंच आहे. पायी चालणारा माणूस दिसला की काय करायचं हेही शिकवा.

---

मोटो_मावळा
२५ मे, रात्री ८:५०

@पायवाट, राग नाही. मी बाइकवाला आहे. पायवाटेवर बाइक चढवण्याचं समर्थन होऊच शकत नाही. आमची गाडी हलकी, कुठेही जाते, म्हणून आमच्यावर जबाबदारी जास्त. उतारावर मागचं चाक लॉक करून घसरत आलं की एका गाडीने नांगर ओढल्यासारखा चर पडतो हे खरं आहे. दोन्ही ब्रेक हळू वापरून, इंजिन ब्रेकिंगवर उतरायचं असतं, पण ते येत नाही म्हणून लोक घसरतात. चालवण्याचं कौशल्य आणि जमीन वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, म्हणून नव्यांना आधी मोकळ्या खासगी ट्रॅकवर ब्रेकिंग शिकवायला पाहिजे.

आणि बाजारातले मोठ्या आवाजाचे सायलेन्सर काढा राव. वाट बंद होण्याचं निम्मं कारण आवाज असतो. गाव लांबून गाडी बघत नाही, गाडी ऐकतं.

---

रानवाट
२५ मे, रात्री ९:३०

@पायवाट, लिहिलंत ते बरं झालं. आमच्याकडे नियम असा आहे: पायी माणूस, गुरं, बैलगाडी दिसली की पहिली गाडी थांबते आणि मागच्यांना वॉकीटॉकीवर कळवते. इंजिन बंद. माणूस पुढे गेल्याशिवाय चालू करायचं नाही. गुरं असतील तर गुराखी हात करेल तेव्हा. ताफा मोठा असेल तर पायी माणसाला 'मागे अजून इतक्या गाड्या आहेत' असं सांगायचं, म्हणजे तो पहिली गाडी गेल्यावर बेसावध वाटेत येत नाही. वाटेवर गाणी बंद. ताफाही पाच-सहा गाड्यांचाच ठेवतो, त्याहून जास्त झाल्या तर वेगळ्या दिवशी.

---

सॉल्टलेककर
२६ मे, सकाळी ६:२०

नमस्कार. मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात. इथे मोआबला (ऑफरोडिंगसाठी प्रसिद्ध वाळवंटी गाव) जाणं होतं, म्हणून इथला अनुभव सांगतो, कामी येईल कदाचित.

अमेरिकेत हा वाद पन्नास वर्षं जुना आहे. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही ते ठरवायला सांगितलं. निकष त्यातच लिहिले होते: माती आणि झाडोऱ्याचं नुकसान कमी, वन्यजीवांना त्रास कमी, आणि इतर येणाऱ्यांशी भांडण कमी. इथल्या वन खात्याने १९८५ मध्ये चालकांच्या शिक्षणासाठी 'ट्रेड लाइटली' मोहीम सुरू केली, १९९० पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. युटात १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक जमिनीवर ऑफरोड गाडी चालवणाऱ्याला ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. मोठ्यांना फुकट, आणि एकदाच करावा लागतो.

माझं प्रामाणिक मत सांगू? अभ्यासक्रम लोक भराभर क्लिक करून संपवतात. खरा फरक पडतो तो जागेवरच्या खुणांनी. मोआबच्या वाळवंटात मातीवर एक काळपट, खडबडीत साय असते. जीवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून धरलेली जिवंत कवची. ती वाळू धरून ठेवते. एकदा चाक गेलं की भरून यायला दशकं लागतात. नवख्या माणसाला ती नुसती घाण माती वाटते. पण कातळावरच्या वाटांवर रंगाच्या खुणा मारलेल्या आहेत, त्या खुणा धरून गेलं की कवचीवर चाक जातच नाही. कवची ओळखता न येणाराही तिथे तिला वाचवतो.

दुसरी बाजूही सांगतो. मोआब गावात आवाजाला लोक इतके कंटाळले की २०२१ मध्ये आवाजाचे कडक नियम केले. आणि २०२३ मध्ये मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यनच्या भागात ३१७ मैल वाटा गाड्यांना बंद करण्याचा निर्णय झाला. त्यावर गाडीवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. सांगायचा मुद्दा एवढाच की ज्या गोष्टी आपसात ठरवता आल्या असत्या त्या मग कोर्टात ठरतात.

---

डिफलॉक_७७
२६ मे, सकाळी १०:१०

खुणांचं पटलं. हे करण्यासारखं आहे. आमच्या ग्रुपच्या ठरलेल्या वाटेवर दगडांच्या राशी किंवा चुन्याची रेघ मारता येईल. चुना पुढच्या मोसमात आपोआप निघूनही जाईल.

---

चंडोल
२६ मे, सकाळी ११:००

@डिफलॉक_७७, कल्पना चांगली, पण चुना नको! जांभ्यावरची माती आम्लधर्मी असते, सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या वनस्पती त्या तसल्याच मातीत तगतात. चुना धुऊन 'निघून' जातो म्हणजे तो शेजारच्या डबक्यात जातो. आणि सड्यावरचे सुटे दगडही उचलू नका. त्यांच्याखाली पाली, विंचू, फुरसं असतं. त्यांचं घर मोडतं आणि फुरसं असेल तर तुमचा हात जातो. बांबूच्या काठीला रंगीत कापडाची पट्टी बांधा. कातळाच्या भेगेत उभी राहते, धुक्यात दिसते, परतताना शेवटची गाडी काढून आणेल.

---

डिफलॉक_७७
२६ मे, सकाळी ११:२०

मान्य. बांबू. शेवटच्या गाडीचं काम माझ्याकडे.

---

घाटावरचा
२६ मे, रात्री ९:१५

मी मुळशी तालुक्यातला. घर गावात, नोकरी पिरंगुटला कंपनीत. धागा चुलत्यांना वाचून दाखवला, ते पोलीस पाटील होते. त्यांचं आणि माझं मिळून लिहितोय.

ग्रुपात नसलेल्यांपर्यंत कसं पोचायचं, असं रानवाटदादांनी विचारलंय. सगळ्या गाड्या शेवटच्या गावात कुठे थांबतात? चहाच्या टपरीवर आणि पंक्चरच्या दुकानात. जाताना हवा सोडली की येताना भरावी लागते, आणि बारक्या कंप्रेसरने चार टायर भरायला कंटाळतात, म्हणून आमच्या पंक्चरवाल्याकडे रविवारी संध्याकाळी रांग असते. त्या पोराला सगळं ठाऊक असतं: कोण कुठल्या वाटेने गेलं, कोणाच्या टायरला भाताची रोपं चिकटून आली. त्याला बोलायला लावा. बोर्ड लावायचा तर त्याच्या दुकानावर लावा, वेशीवर नको.

दुसरं, वाटाड्या घ्या. गावातला एक पोरगा पुढच्या गाडीत बसवा आणि त्याचे पैसे द्या. त्याला माहीत असतं कोणाची लावणी झाली, कोणाची राहिली, कुठला बांध कच्चा आहे, वरकस जमिनीवर नाचणी कुठे आहे. नाचणी-वरी उतारावर असते, बांध नसतो, तुम्हाला गवतच वाटतं. तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही. कासला आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या गर्दीची व्यवस्था बघतात, म्हणून तिथे गावाच्या शब्दाला वजन आहे. आमच्याकडे अजून तसं काही नाही. वाटाड्यापासून सुरुवात होऊ शकते.

चुलते म्हणतात, धोंडे टाकायला आम्हालाही आवडत नाही, आमच्याच म्हशी अडखळतात.

---

पायवाट
२६ मे, रात्री ९:४०

घाटावरचा, वाटाड्याचं आम्हा ट्रेकर्सनाही लागू आहे. आमच्या ग्रुपातही पैसे वाचवायला वाटाड्या घेत नाहीत. हे आमच्या लीडरला कळवते.

---

रानवाट
२७ मे, सकाळी ७:३०

@घाटावरचा, चुलत्यांना नमस्कार सांगा. पंक्चरच्या दुकानाचं इतकी वर्षं डोक्यात आलं नाही आमच्या कोणाच्या. बोर्डाचा मजकूर चंडोलताई आणि तुम्ही मिळून ठरवा, छपाईचा आणि लावण्याचा खर्च आमचा ग्रुप करेल. चार ओळींपेक्षा जास्त नको, माणूस हवा भरता भरता वाचेल एवढाच. चित्र हवं: वाटेवरची गाडी बरोबर, खाचरातली गाडी चूक.

यंदा जून-जुलैत आम्ही सड्यावर जाणार नाही हे ग्रुपात ठरवून घेतोय. नव्यांचं प्रशिक्षण खासगी जागेच्या ट्रॅकवर करू. मालकाशी बोलणं झालंय, तिथे चिखल भरपूर आहे आणि ओढा नाही. तुमच्या गावाकडे ऑगस्टात यायचं म्हटलं तर कधी आणि कुठल्या वाटेने यावं?

---

घाटावरचा
२७ मे, रात्री १०:०५

लावणी साधारण जुलैअखेर आटपते, पाऊस लांबला तर पुढे जाते. म्हणून तारीख आधी पक्की करू नका, आठवडाभर आधी फोन करा. वरच्या आळीच्या वाटेने नको, तिथे पाण्याची टाकी आहे आणि पाइप उघडाच टाकलाय, मागच्या वर्षी एका गाडीने फोडला होता. देवळामागून ट्रॅक्टरची वाट आहे, ती धनगरवाड्यापर्यंत जाते. पुढे वन लागतं, तिथे गाड्या उभ्या करायच्या आणि सड्यावर चालत जायचं, अर्ध्या तासाची चाल. पाच गाड्यांना जागा आहे, सहावी आणू नका. वाटाड्या म्हणून दोन पोरं तयार आहेत. जेवण सांगायचं असेल तर माणसं किती तेही फोनवरच सांगा, बाजार शुक्रवारी असतो.